सकाळची बाटली आणि तशीच राहिलेली पोह्यांची वाटी

पत्र : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. वजन ११ किलो ८०० ग्रॅम. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. मी सव्वाआठला घर सोडते, कारण घोडबंदर रोडच्या गर्दीतून स्टेशन गाठायला वेळ लागतो. हे माझ्याही आधी निघतात. मुलगा सातला उठतो. उठल्या उठल्या त्याला बाटलीभर दूध देते, चॉकलेटची पावडर घालून. निदान पोटात काहीतरी गेलं एवढं समाधान. मग पोहे, उपमा, इडली, जे केलं असेल ते घेऊन बसते, तर तो तोंड फिरवतो. पोह्यातली मोहरी बोटाने काढून दाखवतो, अंडं थुंकून टाकतो. मोबाइलवर बघून पालकाचे पॅनकेक केले, बीट घालून इडल्या केल्या, सगळं वाया गेलं. मी गेल्यावर सासूबाई साडेदहापर्यंत मोबाइल लावून, घरभर त्याच्या मागे फिरून भरवतात. आवडीने खातो ते बिस्किटं, साखर-पोळी आणि दुपारचा वरणभात. दुपारी झोपताना आणि रात्री पुन्हा एकेक बाटली दूध. शेजारची मुलगी याच्याच वयाची, ती आपल्या हाताने सगळं खाते. मला झटपट होणारे, त्याला आवडतील असे नाश्त्याचे दहा पदार्थ सांगा. आणि भूक वाढवायचं औषध द्यावं का? – एक आई, ठाणे

उत्तर :

ताई, पदार्थ सांगणार आहेच. दहा नाही, मोजकेच, पण कसे करायचे ते नीट सांगते. त्याआधी तुमच्या पत्रातला दुधाचा हिशेब मांडू या. माझ्या मते अडचण पोह्यांत नाही, त्याआधीच्या बाटलीत आहे.

दिवसाला तीन बाटल्या. बाटली २५० मिलीची धरली तर ७५० मिली दूध. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात १०० मिलीमागे साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात, म्हणजे दुधातूनच जवळजवळ साडेसहाशे कॅलरी गेल्या. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात सुमारे ११०० कॅलरी लागतात, असं आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. निम्म्याहून अधिक वाटा दुधाने उचलला. वर पावडरीतली साखर आणि बिस्किटं आहेतच. मग उरलेल्या जागेत तो दुपारचा वरणभात खातो, तोही आवडीने. हा मुलगा भूक नसलेला नाही. तुम्ही पोह्यांची वाटी पुढे करता तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं, एवढंच. पाऊण तासापूर्वी २५० मिली दूध प्यायलेल्या मोठ्या माणसालाही पोह्यांची फारशी ओढ वाटणार नाही. अडीच वर्षांच्या पोटाची तर गोष्टच वेगळी.

दुधाबद्दल आपल्याकडे फार ममता आहे आणि ती चुकीची नाही. पण या वयाला दिवसभरात ४०० ते ५०० मिली पुरतं. कॅल्शियमची काळजी वाटत असेल तर तीही करू नका. या वयाची गरज दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. ती ४०० मिली दुधातून बहुतेक भरून निघते आणि बाकीची दही, ताक, नाचणी यांतून सहज होते. जास्तीच्या दुधाचा खरा तोटा लोहाचा आहे. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह शोषलं जाण्यात अडथळा आणतं. दुधाने पोट भरलं की डाळ, अंडं, पालेभाजी मागे पडते. त्यातून मूल फिकट, चिडचिडं होतं आणि त्याची भूक आणखी कमी होते. हे चक्र मी फार घरांत बघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात खात्यापित्या घरची मुलंही असतात, हे लक्षात ठेवा.

आता वजनाचं. तुम्ही आकडा लिहिलात हे बरं केलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अडीच वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १३.३ किलो आहे आणि काळजीची रेषा १०.५ किलोच्या खाली सुरू होते. तुमचा मुलगा बारीक बाजूला आहे, पण मर्यादेत आहे. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. त्यानंतर मात्र वर्षाला साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. वर्षाचा असताना जे बाळ वाटीभर खिमट संपवायचं ते दोन वर्षांचं झाल्यावर चार घासांवर थांबतं, आणि आईला वाटतं काहीतरी बिघडलं. त्यातच दोन वर्षांच्या पुढे नव्या चवीला, नव्या रंगाला घाबरण्याचा काळ सुरू होतो. तो बहुतेक मुलांमध्ये येतो आणि शाळेच्या वयापर्यंत हळूहळू ओसरतो. आणखी एक बारीकसं कारण तपासा. दुसऱ्या दुधाच्या दाढा याच सुमाराला येतात. त्या दिवसांत हिरड्या दुखतात आणि चावायचं काहीही नको होतं. एकदा त्याच्या तोंडात मागे बघा.

शेजारच्या मुलीचं मात्र मनातून काढून टाका. ती दिवसाला किती दूध पिते, तिच्या दाढा आल्यात का, ती काय थुंकते, हे तुम्हाला दिसत नाही.

तर सकाळ अशी लावा. सातला उठला की पाणी द्या. दूध मागितलं तर लहान पेल्यात, शंभर मिलीच्या आत, आणि पेल्यातच. बाटली आता बंदच करायची आहे. खरं तर ती दीड वर्षाच्या आत सुटलेली बरी असते, कारण बाटली तोंडात धरून झोपलेल्या मुलांचे पुढचे दात किडतात. तुमची रात्रीची बाटली त्याच प्रकारातली आहे. एकदम तोडू नका. दर दोन दिवसांनी प्रत्येक बाटलीतलं दूध तीसेक मिलीने कमी करत जा, पावडरही चिमटीने कमी करा. आधी दुपारची बाटली सोडवा, मग सकाळची आणि शेवटी रात्रीची. रात्रीचं दूध जेवणानंतर पेल्यातून द्या आणि नंतर दात घासा.

नाश्ता साडेआठला. म्हणजे तुम्ही निघून गेल्यावर. हे वाचून तुमच्या पोटात कालवाकालव होईल, मला माहीत आहे. डोळ्यांसमोर चार घास गेले की आईचा दिवस हलका जातो. पण साडेसात ते सव्वाआठ या वेळात तुमचा डबा, तुमची आंघोळ, बसची घाई, आणि त्यात तो पोह्यांकडे बघतही नाही. ही घाई मुलाला कळते आणि तो घट्ट तोंड मिटून बसतो. ती वेळ तुम्ही त्याच्याशी खेळून, त्याचे कपडे घालून द्या. खाण्याचा पहिला घास आजीच्या हातचा असू द्या. साडेआठला बसायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं, वाटी उरली तरी उठायचं. मग अकरापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. बिस्किट नाही, खारी नाही, ‘अर्धा घास तरी घे’ नाही. अकराला फळ, साडेबाराला जेवण. मधला हा रिकामा वेळ फार मोलाचा आहे, कारण भूक तिथेच तयार होते.

अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाची एक वाटणी सांगितली आहे. जगभरचे बालआहाराचे लोक ती वापरतात आणि मीही वापरते. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. काय हवं ते मूल ठरवतं आणि किती खायचं ते आपण. तुमचं पत्र पुन्हा वाचा, तसंच दिसेल.

‘किती’चा अंदाजही घेऊ. प्रत्येक पदार्थ वयाच्या एका वर्षाला एक मोठा चमचा, असं धरून चाला. म्हणजे तुमच्या मुलाला दोन-तीन चमचे पोहे, त्यासोबत अर्धं वेलची केळं आणि थोडं दही, हा भरपेट नाश्ता झाला. मोठी वाटी शिगोशीग भरून पुढे ठेवली की मूल आधीच हरतं आणि आई अर्धी वाटी उरली म्हणून रडकुंडीला येते. लहान ताटली घ्या, त्यात थोडंसं वाढा. त्याने आणखी मागितलं तर त्याहून चांगलं काय!

आता पदार्थ. वेगळं काही करायला जाऊ नका. घरात सगळ्यांसाठी जे शिजतं त्यातलंच त्याच्यासाठी थोडं सोपं करा. वेगळा पदार्थ केला की कष्ट दुप्पट आणि तो नाकारला की राग चौपट.

पोह्यांपासून सुरू करते. त्याने मोहरी काढून दाखवली, ही त्याची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मोहरी दाताखाली कडकडते, कढीपत्ता घशाला चिकटतो, मिरचीचा तुकडा एकदा लागला की पुढचे आठ दिवस पोहे बंद. सगळ्यांच्या पोह्यांची फोडणी करायच्या आधी थोड्या तेलात जिरं, हिंग, हळद आणि अगदी बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परता. त्यात भिजवलेले मूठभर पोहे घाला, झाकण ठेवून चांगली वाफ येऊ द्या. पोहे मऊ हवेत, मोकळे नकोत. अख्खे शेंगदाणे अजिबात नाहीत, त्याऐवजी दोन चमचे कूट. वरून लिंबू पिळाच. लिंबातलं क जीवनसत्त्व अन्नातलं लोह शोषायला मदत करतं. तो पोह्यांना हातही लावत नसेल तर आधी दहीपोहे देऊन बघा. पातळ पोहे भिजवून कुस्करायचे, त्यात गोड दही आणि चवीपुरतं मीठ. ज्या मुलाला वरणभात आवडतो त्याला हा मऊपणा ओळखीचा वाटतो.

वरणभात हाच तुमचा मोठा आधार आहे. मऊ, गरम, ओला, एकसारखा, असं अन्न त्याला रुचतं एवढं त्याने सांगितलंच आहे. मग नाश्त्याला मेतकूट-भात का नको? नाश्त्याला पोहे-उपमाच हवेत असं कुणी ठरवलं? सकाळी डब्याचा भात लावताना मूठभर तांदूळ जास्त पाण्यात गुरगुट्या शिजू द्या. त्यावर चमचाभर मेतकूट, साजूक तूप, किंचित मीठ. मेतकुटात भाजलेल्या डाळी, गहू, तांदूळ असतात, म्हणजे डाळ-तांदळाची जोडी आपोआप जमते. नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आसपास घरगुती पिठांच्या दुकानांत चांगलं मेतकूट मिळतं. फक्त तिखट किती आहे ते आधी स्वतः चाखून बघा.

तांदळाची उकड याच जातीची, आणि माझी सर्वांत लाडकी. वाटीभर पिठाला अडीच-तीन वाट्या पातळसर आंबट ताक, मीठ घालून गुठळ्या न ठेवता कालवायचं. तुपात जिरं-हिंगाची फोडणी करून त्यात हे ओतायचं, घोटत राहायचं, घट्ट झालं की झाकून दोन दणदणीत वाफा. दहा मिनिटांचं काम. वाढताना मध्ये खळगा करून तूप. मुलाला हे चमच्याने स्वतः खाता येतं, सांडलं तरी कमी सांडतं. सासूबाईंना उकड येत असेल तर हा पदार्थ पूर्ण त्यांच्यावर सोपवा. शक्यता आहे की त्या आपल्या दोघींपेक्षा चांगली करतील.

डाळीचा पदार्थ आठवड्यातून दोनदा तरी हवा. रात्री मुगाची डाळ भिजत घाला, सकाळी जिरं आणि आल्याचा छोटा तुकडा घालून वाटा, मीठ, हळद. याची धिरडी मोठ्या तव्यावर घाला, पण त्याच्यासाठी रुपयाएवढी लहान लहान. अडीच वर्षांचा हात एक आख्खी छोटी वस्तू उचलायला उत्सुक असतो. मोठ्या धिरड्याचा फाडलेला तुकडा त्याला तेवढा आवडत नाही. पिठात चमचाभर किसलेली दुधी किंवा गाजर घातलं तर घाला, पण त्याच्या देखत घाला. पालक लपवून केलेल्या पॅनकेकबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लपवून खाऊ घातलं तर पोटात पालक जातो, ओळख होत नाही. आणि एकदा लपवलेलं सापडलं की तो आवडत्या पदार्थाकडेही संशयाने बघतो. त्यापेक्षा वरणात दिसेल असा पालक घाला. त्याने काढून ठेवला तर ठेवू द्या.

नाचणीबद्दल खूप बोललं जातं, ते बरोबरच आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. निम्मं नाचणीचं, निम्मं तांदळाचं पीठ, ताक आणि मीठ घालून घावन घाला, किंवा सरळ आंबील करा, ताक-जिऱ्याची, कोमट. साखर घातलेल्या नाचणीच्या खिरीने सुरुवात करू नका. त्याची जीभ आधीच गोडाला सरावली आहे.

अंडं त्याने थुंकलं म्हणजे अंडं संपलं, असं नाही. उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग कोरडा असतो आणि घशात बसतो. अंडं फेटून, त्यात चिमूटभर मीठ घालून मऊ पोळीवर पसरा आणि पोळी तव्यावर उलटा. मग पोळीचे बोटाएवढे लांबट तुकडे करा. चमचाभर अंडं मुगाच्या धिरड्याच्या पिठातही छान मिसळतं. नाहीच खाल्लं तर आठवड्याने पुन्हा. नवा पदार्थ मुलाने स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा तो समोर यावा लागतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. आपण बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘याला आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळ्या होतो, तेही त्याच्यासमोर. ते वाक्य घरातून काढून टाका. ‘आज नको? बरं’ एवढंच म्हणा.

ताटलीत रोज त्याच्या ओळखीचं एक तरी असू द्या. केळं, दही, पोळीचा मऊ तुकडा, काहीही. त्याच्या शेजारी नव्या पदार्थाचा एकच चमचा. तो त्याने खाल्ला नाही, नुसता बोटाने दाबून बघितला, तरी चालेल. आठ-पंधरा वेळांतली ती एक वेळ मोजली गेली.

साखर-पोळी लगेच तोडायची नाही. तिला आठवड्यातून दोन सकाळी द्या. कालची पोळी कुस्करून तूप, थोडा गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून त्याचा लाडू वळा. हळूहळू गूळ कमी, कूट जास्त. गुळातून लोह भरपूर मिळतं या समजावर मात्र विसंबू नका. गूळही शेवटी साखरच आहे. दुधातल्या पावडरीचंही तेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली न विकण्याची सूचना दिली होती, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात असं काही वर्गीकरणच नाही. डब्याच्या मागे साखरेचा आकडा असतो, तो आज वाचा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते. आजीच्या कपातला चहा त्याला मिळतो का? बिस्किट बुडवून, दोन घोट? बहुतेक घरांत मिळतो. चहातले घटक लोह अडवतात, त्यामुळे चहा या वयात अजिबात नको, बुडवलेलं बिस्किटही नको.

आता सासूबाईंविषयी. मोबाइल लावून मागे फिरणं थांबवायचं आहे, पण त्यांना अपराधी न करता. दोन तास नातवाच्या मागे वाटी घेऊन फिरणं हे सोपं काम नाही. पोर उपाशी राहील ही धास्ती त्यांना पळवते. ‘आई, तुम्ही चुकीचं करता’ असं म्हणालात तर बोलणंच संपेल. त्यापेक्षा पुढच्या वेळी बालरोगतज्ज्ञांकडे जाताना त्यांना बरोबर न्या आणि दुधाचा, नाश्त्याचा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा. डॉक्टरांनी सांगितलेलं आजी मानतात, सुनेने सांगितलेलं मानायला वेळ लागतो. यात त्यांचा काही दोष नाही. आणि त्यांना एक नेमकं काम द्या. साडेआठला त्यांनी स्वतःचा नाश्ता त्याच्याबरोबर बसूनच करायचा. दोघांच्या ताटल्या शेजारी शेजारी, पदार्थ तोच. आजी उकड खाताना दिसली की नातवाचा हात आपोआप वाटीकडे जातो. वडीलधाऱ्यांनी आधी मुलाला भरवायचं आणि मग स्वतः गार झालेलं खायचं, ही आपल्या घरांतली रीत मला खरंच खटकते. मुलाला खाणारं माणूस दिसतच नाही, फक्त भरवणारा हात दिसतो.

‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ मात्र बंद करायला सांगू नका. ते गोड आहे, त्यात शब्द आहेत, नजर आहे, आजीचा आवाज आहे, मोबाइलमध्ये यातलं काहीच नाही. फक्त त्याने मान फिरवली की चिऊ-काऊंचे घासही तिथेच थांबवायचे. पोट भरल्याची खूण मुलाला स्वतःला कळते. ती आपण वर्षानुवर्षं झाकून टाकली तर मोठेपणी ती कळेनाशी होते.

मोबाइलचं म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली, आणि जेवताना तर स्क्रीन नकोच. स्क्रीनकडे बघत खाल्लेल्या घासाची चव मुलाच्या लक्षातही राहत नाही. मग ओळख होणार कशी?

पळत खाण्यातला धोका यापेक्षा मोठा आहे. चालताना, हसताना, उड्या मारताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. खाणं बसूनच, पायांना टेकू असेल अशा खुर्चीत किंवा जमिनीवर पाटावर. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे हे चार-पाच वर्षांपर्यंत टाळा. द्राक्षं उभी चिरून चौथाई करून द्या. हे सासूबाईंना नक्की सांगा, आणि हे थेट सांगितलंत तरी चालेल.

भूक वाढवायच्या औषधाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. अशा औषधांनी मुलाला झोप, गुंगी येऊ शकते आणि थांबवली की भूक पुन्हा पहिल्यासारखी. दुकानातून स्वतःहून आणू नका. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन तपासा. या वयात ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, आणि लोहाचं औषध दिल्यावर भूक आपोआप सुधारते, असं अनेकदा होतं. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप दिलं जातं, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा. दहा फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी त्याला मिळाली होती का, तेही आठवा. शौचाला खडा होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. फार दूध पिणाऱ्या मुलांत ही तक्रार असते आणि पोट साफ नसलेलं मूल खात नाही.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते अशा वेळी : वजन तीन-चार महिने अजिबात वाढलं नाही, तो माती, खडू, भिंतीचा चुना खाऊ लागला, ओठ-तळवे पांढुरके दिसले, किंवा मऊ घाससुद्धा प्रत्येक वेळी घशात अडकून उलटी होते. या गोष्टी हट्टाच्या नसतात. यातलं काही नसेल तर वजन दोन-तीन महिन्यांतून एकदाच करा. दर रविवारी काट्यावर उभं करू नका. दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दिसले की तुमची झोप उडते आणि सोमवारी पुन्हा वाटी घेऊन पळापळ सुरू होते.

सुरुवात शनिवारी करा, जेव्हा तुम्ही दोघं घरी असाल. पहिले तीन-चार दिवस तो बाटलीसाठी रडेल, नाश्त्याला नाही म्हणेल, कदाचित थेट दुपारच्या वरणभातावर तुटून पडेल. पडू द्या. ते रडणं सासूबाईंनी एकटीने सोसायचं नाही, तुम्ही दोघांनी आधी सोसायचं. जमलं तर सोमवारी अर्धी रजा टाका. शुक्रवारी रात्री मुगाची डाळ भिजत घाला आणि चॉकलेट पावडरीचा डबा त्याच्या नजरेच्या वरच्या फळीवर ठेवा.